तीन आठवडे धावणं बंद, आता दम लागतो

प्रश्न : घोटा मुरगळल्याने तीन आठवडे धावलो नाही. आता गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जुन्याच वेगाला नाडी १४५ ऐवजी १५८ होते. हृदय कमकुवत झालं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. सराव थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, घटतो. मग हृदय एका ठोक्यात कमी रक्त फेकतं आणि ती तूट ठोके वाढवून भरून काढतं. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमताही मुरलेल्या धावपटूत तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के उतरू शकते. सरावाने जाड झालेली डाव्या कप्प्याची भिंत एक-दोन महिन्यांत पातळ होते. तो आजार नव्हे. उलट विश्रांतीनंतरही जाडी हटली नाही, तर डॉक्टरांना शंका येते.

पहिला आठवडा निम्मंच अंतर, तेही सपाटीवर. घड्याळातला वेग विसरा, नाडी १४५च्या आत ठेवा. प्लाझ्मा एक-दोन आठवड्यांत भरतो, घोट्याचे स्नायुबंध मात्र सावकाश सावरतात. तेव्हा पांडवलेणीचा चढ इतक्यात नकोच. पुन्हा दुखापत झालीच, तर डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा सायकलवर तीन-तीन मिनिटांचे पाच जोरकस टप्पे मारा. सराव कमी झाला तरी चालतो, जोर कमी झाला की क्षमता उतरते.

छातीत दुखणं, चक्कर किंवा अनियमित ठोके जाणवले, तर धावणं थांबवून आधी ईसीजी.