75 हजारांची ऑर्केस्ट्रा लायब्ररी ईएमआयवर घेऊ का?

पत्र थोडक्यात असं: वसईचे वाचक, वय 36, चर्चच्या क्वायरसाठी आणि ब्रास बँडसाठी अरेंजमेंट लिहून देतात, बायको शिक्षिका, मुलगी 4 वर्षांची. नोटेशन डोरिको या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात पण त्याचा प्लेबॅक अगदीच खेळण्यासारखा वाजतो, म्हणून 75 हजारांची ऑर्केस्ट्रल सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर घ्यायचीय. आत्ता घेऊ की नोव्हेंबरच्या सेलला, एवढंच विचारलंय.

आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "कार्डावर 1 लाख 40 हजार आहेत, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो."

अहो, इथेच तर सगळं अडलंय! मिनिमम ड्यू भरला की लेट फी टळते, व्याज नाही टळत, ते महिन्याला साडेतीन टक्क्यांनी चालूच राहतं. 1.4 लाखावर 4,900, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,800 धरा. वर्षाचे 70 हजार. लायब्ररीची किंमत तुम्ही आत्ताही भरताय, फक्त बँकेला. वर थकबाकी असताना कार्डावर नवीन काही घेतलं तर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज.

आणि त्याच पत्रात 1.8 लाखांची एफडी, 7 टक्क्यांची, "मुलीची आहे, हात लावायचा नाही." 7 टक्के मिळवायचे आणि 42 टक्के भरायचे, यात मुलीचंच नुकसान आहे. उद्याच मोडा. व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. कार्ड शून्यावर आणा, उरलेले 40 हजार अडीअडचणीला ठेवा आणि दर महिन्याला वाचणारे 5,800 त्यातच टाका.

कार्डावर एवढे पैसे चढले कसे, तर बँकेतल्या माणसाने गळ्यात मारलेल्या पॉलिसीचा 1 लाखाचा हप्ता कार्डावर भरला म्हणून. 12 वर्षं 1 लाख भरा, 20 व्या वर्षी 24 लाख, "डबल". ऐकायला भारी, पण हिशोब केला तर वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास. आणि विमा किती, तर 10 लाख! घरात 4 वर्षांची मुलगी असताना! आधी 1 कोटीचा टर्म प्लॅन (फक्त विमा, परतावा नाही) घ्या, तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण 12-15 हजारांत बसतो. तो हातात आल्यावरच कंपनीकडून सरेंडरचा (आत्ता बंद केली तर हातात किती) आणि पेड-अपचा (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती) आकडा लेखी मागवा. दोनच हप्ते गेलेत, तिसरा भरू नका.

आता लायब्ररी. माझी भाची हेच काम करते, एकदा संध्याकाळभर तिच्या शेजारी बसून बघितलं. मोठी लायब्ररी टाकली, प्ले दाबलं, आणि व्हायोलिनच्या भरभर जाणाऱ्या छोट्या नोट्स सगळ्या मागे मागे पडत होत्या, कारण लांब सुरांचा सॅम्पल सावकाश उमलतो. नोटेवर स्टॅकाटोचा, म्हणजे सूर तोडून वाजवण्याचा, ठिपका होता, पण त्या ठिपक्याला कुठला आवाज लावायचा हे एक्स्प्रेशन मॅपमध्ये सांगितल्याशिवाय सॉफ्टवेअरला कळत नाही. ते सांगण्यात तिचे दोन रविवार गेले. अशा बऱ्याच लायब्र्या कीबोर्डवर हाताने वाजवून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी बनवलेल्या असतात, वर शेकडो जीबी एसएसडी आणि 32 जीबी रॅम लागते, तो खर्च तुम्ही धरलेलाच नाही.

नोटेशनसाठीच बनवलेला नोटपरफॉर्मर हा प्लेबॅकचा सॉफ्टवेअर 129 डॉलरला आहे, म्हणजे 11-12 हजार. तो पुढच्या साधारण एका सेकंदाच्या नोट्स आधी वाचतो आणि त्यावरून फ्रेज ठरवतो. त्याआधी म्यूझस्कोर 4 या फुकट नोटेशन सॉफ्टवेअरमधले म्यूझ साउंड्स हे आवाजही फुकट आहेत, तुमचा एखादा स्कोअर म्यूझिकएक्सएमएल फाइल करून तिकडे नेऊन ऐकून बघा.

"डेमो चांगला वाजला की महिन्याला दोन कामं वाढतील" असं लिहिलंय तुम्ही. कोणाची? क्वायर स्वतः गातो, बँड स्वतः वाजवतो, त्यांना प्रत्येकाच्या वाट्याचे छापलेले पार्ट्स लागतात. डेमो ऐकूनच काम देणारे तीन गिऱ्हाईक नावानिशी सांगता आले तर कार्ड शून्यावर आल्यावर नोटपरफॉर्मर घ्या, रोखीने. स्टेटमेंटची तारीख 18 आहे म्हणालात, एफडी त्याच्या आधी मोडा.