एकाच तक्त्याची तीन उत्तरे

प्रश्न : समाजशास्त्रातील पीएच.डी.साठी मी ग्रामीण कुटुंबांची पाहणी केली असून आईचे शिक्षण आणि मुलीने दहावीनंतर शिक्षण सोडणे यांचा संबंध तपासत आहे. काय-वर्ग कसोटीचा (दिसलेला संबंध निव्वळ योगायोगाचा असू शकेल का, हे तपासणारी कसोटी) निष्कर्ष अतिशय सार्थक आला, म्हणजे योगायोगाची शक्यता फार कमी ठरली, पण त्याच तक्त्यावर संगणकाने लॅम्डाचे (संबंधाच्या एका मापाचे) मूल्य शून्य दाखवले. माझ्या मार्गदर्शक बाईंना यांतले एक उत्तर चुकलेले वाटते. प्रबंधात कोणते द्यावे?

उत्तर : बहुधा दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. हे पटण्यासाठी एक प्रसिद्ध तक्ता घेऊ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले आणि त्यांतील ३,७३८ जणांना प्रवेश मिळाला. ४,३२१ स्त्रियांपैकी तो १,४९४ जणींना मिळाला. म्हणजे पुरुषांत सुमारे ४४ टक्के, स्त्रियांत सुमारे ३५ टक्के.

या तक्त्यावर काय-वर्गाचे मूल्य सुमारे १११ येते. पाच टक्के पातळीवर, म्हणजे संबंध नसतानाही तो आहे असे ठरण्याची जोखीम पाच टक्के धरून, अशा दोन बाय दोनच्या तक्त्यात ३.८४ ओलांडले तरी पुरते, तेव्हा हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही एवढे नक्की ठरते. परंतु संबंध किती घट्ट आहे, हे काय-वर्ग सांगत नाही, कारण तो संख्येबरोबर फुगतो : टक्केवारी तीच ठेवून अर्जदार एक दशांश घेतले, तर तो ११ वर येईल. म्हणून त्याला एकूण अर्जदारांच्या संख्येने भागून वर्गमूळ घ्यायचे, की फाय गुणांक मिळतो. तो येथे ०.०९ आहे, म्हणजे संबंध क्षीण आहे.

आता लॅम्डा. गुडमन आणि क्रुस्कल या संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ च्या त्यांच्या लेखात या मापाचा सविस्तर विचार केला. त्यामागचा प्रश्न असा : एक गोष्ट माहीत झाल्यामुळे दुसरीचा अंदाज करताना होणाऱ्या चुका किती टक्क्यांनी घटतात? अर्जदार स्त्री आहे की पुरुष हे ठाऊक नसेल, तर ‘प्रवेश नाकारला’ हाच अंदाज सर्वांबाबत करावा लागेल, कारण बहुसंख्यांना तो नाकारलाच गेला. त्यात ५,२३२ चुका होतील. लिंग सांगितले, तरी दोन्ही गटांत बहुसंख्यांना नकारच मिळालेला असल्याने अंदाज बदलत नाही, आणि चुका ३,७३८ अधिक १,४९४, म्हणजे पुन्हा ५,२३२ च होतात. एकही चूक कमी झाली नाही, म्हणून लॅम्डा शून्य. तुमच्या पाहणीतही आईच्या शिक्षणाच्या प्रत्येक गटात बहुतेक मुली शिकतच राहिल्या असतील, तर हेच झाले असणार. ‘लॅम्डा शून्य, म्हणून संबंध नाही’ असे वाक्य मात्र कृपा करून लिहू नका.

माझे मत विचाराल, तर आधी साध्या टक्केवारीचा तक्ता द्यावा, त्याखाली काय-वर्ग आणि फाय (गट दोनांहून अधिक असतील, तर फायचेच मोठ्या तक्त्यांसाठीचे रूप, म्हणजे क्रॅमरचा व्ही), आणि टक्केवारीतील फरक त्याच्या प्रमाण त्रुटीसह, म्हणजे नमुन्यागणिक तो साधारण किती हलेल या अंदाजासह, नोंदवावा. लॅम्डा दिलाच, तर तो शून्य का आला हे एका वाक्यात सांगावे.

एवढ्यावर थांबू नये, कारण बर्कलीची खरी गोष्ट पुढेच आहे. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या संशोधकांनी १९७५ मध्ये प्रवेश विभागवार तपासले, तेव्हा तपासता येण्याजोग्या ८५ विभागांपैकी केवळ चारांत स्त्रियांच्या विरोधात आणि सहांत पुरुषांच्या विरोधात सार्थक फरक दिसला. ज्या विभागांत प्रवेश मिळणे सर्वांनाच अवघड होते, तेथे स्त्रियांचे अर्ज तुलनेने जास्त होते, म्हणून एकूण तक्त्यात त्यांची टक्केवारी कमी दिसली. तुमच्याकडे गावापासून कनिष्ठ महाविद्यालयाच्या अंतराची नोंद असेल, तर जवळची आणि लांबची गावे वेगळी काढून तोच तक्ता पुन्हा मांडा. शिकलेल्या आया महाविद्यालयाजवळच्या गावांतच अधिक असतील, तर आज दिसणाऱ्या संबंधाचा काही भाग एसटीच्या फेऱ्यांचा असू शकेल.

प्रश्न : नमुना ३०० कुटुंबांऐवजी १,२०० चा घेतला, तर चूक चौपट कमी होईल ना?

उत्तर : नाही. यादृच्छिक निवडीमुळे येणारी त्रुटी निम्मी होईल, कारण ती नमुन्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते. मोजण्याच्या रीतीतच शिरलेली चूक मात्र तसूभरही हलणार नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांतून (शेताचा एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज करण्याच्या रीतीतून) हे दाखवून दिले. कापणीचा तुकडा फार लहान असला, की सीमारेषेवरची रोपे आत धरण्याकडे कल होतो आणि उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते. असे तुकडे कितीही वाढवले, तरी अंदाज फुगलेलाच राहतो.

घरोघरच्या पाहणीतही असेच घडते. मुलीची शाळा का सुटली, हे सासूबाई ओसरीवर बसलेल्या असताना सुनेला विचारले, तर नऊशेवे घर झाले तरी उत्तर तेच मिळेल. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी यासाठी एक उपाय रूढ केला : त्याच गावांत दोन स्वतंत्र उपनमुने काढून ते दोन वेगळ्या पथकांकडे सोपवायचे आणि त्यांची उत्तरे ताडून पाहायची. जास्तीच्या ९०० कुटुंबांचा खर्च करण्याआधी तुमच्या ३०० चेच असे दोन भाग करून पाहा.