सगळी तयारी झाली, पण धावणे काही सुरू होईना

धावायला सुरुवात करू पाहणाऱ्या प्रौढ व्यक्तींकडून एक तक्रार समुपदेशनात वारंवार ऐकू येते. बूट आणले, कपडे आणले, वेळापत्रकही आखले, तरी पाऊल दाराबाहेर पडत नाही. तेव्हा आपल्यात इच्छाशक्तीच नाही असे समजायचे का? नेमका हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

वय चाळिशीच्या पुढचे, काम बैठे, तपासण्यांमध्ये काळजीचे काही नाही आणि डॉक्टरांनी व्यायाम हळूहळू वाढवण्याचा सल्ला दिलेला, अशी त्यांची स्थिती होती. पहिल्याच भेटीत त्यांनी फोनवर एक तक्ता उघडून दाखवला. त्यात बाजारातल्या बुटांची नावे एकाखाली एक लिहिलेली होती; प्रत्येकाचे वजन ग्रॅममध्ये, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये, इतरांचे अभिप्राय थोडक्यात. शेवटच्या रकान्याचे शीर्षक ‘निर्णय’ असे होते आणि तो वरपासून खालपर्यंत कोरा होता. एक जोड त्यांच्याकडे आधीपासून होता, पण तो पुरेसा योग्य नसावा अशी शंका आल्याने त्यांनी तो वापरला नव्हता. त्यापाठोपाठ मनगटी घड्याळाचा आणि हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याचा शोध सुरू झाला होता.

मी त्यांना विचारले, “समजा, हे सगळे सामान उद्या घरी आले, तर परवा सकाळी काय होईल?” थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “मग आधी वजन थोडे कमी करीन म्हणते. आत्ता गेले तर लोक बघतील ना.”

अडचण इच्छाशक्तीची नव्हती, हे या उत्तरावरून स्पष्ट झाले. आळशी माणूस असा तक्ता करीत बसत नाही. बाहेर पडण्याचा विचार आला की त्यांना धास्ती वाटे, आणि त्या वेळी एखाद्या वस्तूची माहिती काढायला घेतली की धास्ती तात्पुरती ओसरे. शिवाय आपण धावण्याच्या दिशेने काहीतरी करीत आहोत असे समाधानही मिळे. टाळल्याने लगेच सुटका होते आणि म्हणूनच टाळण्याची सवय पक्की होत जाते. हे चक्र आमच्या कामात रोजचे आहे. येथे त्याने तयारीचे रूप घेतले होते एवढेच.

लोक आपल्याकडे पाहतील या भीतीवर मी त्यांना एक प्रयोग सांगितला. कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट चढवून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. त्या विद्यार्थ्यांचा अंदाज असा होता की निम्म्या जणांच्या तरी ते चित्र लक्षात येईल. प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आले. अर्थात, असे काही ऐकून भीती जाते यावर माझा विश्वास नाही. ती बाहेर जाऊन पडताळावी लागते. म्हणून पहिला गृहपाठ धावण्याचा दिलाच नाही. घरात होते तेच बूट घालून दहा मिनिटे चालायचे आणि आपल्याकडे दोन सेकंदांहून जास्त वेळ कोण पाहते ते मोजायचे, एवढेच ठरले. पुढच्या भेटीत त्यांनी जरा हिरमुसल्या सुरात सांगितले की त्यांच्याकडे टक लावून पाहणारा एकच निघाला, आणि तो कुत्रा होता.

सामानाचा प्रश्न मात्र आम्ही बाजूला टाकला नाही, कारण त्यातला काही भाग खरोखरच आवश्यक असतो. ज्यावाचून शरीराला त्रास होईल अशा वस्तू वेगळ्या काढल्यावर यादी फारच आखूड झाली: मापाचे बूट, घाम धरून न ठेवणारे मोजे, स्त्रियांसाठी नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा आणि अंधारात जायचे असल्यास दुरून दिसेल असा कपडा. सुती मोजे ओले होऊन त्वचेवर घासतात आणि फोड येतात, ही बाब किरकोळ वाटली तरी अनेकांचे धावणे पहिल्याच आठवड्यात तिच्यामुळे थांबते. बूट संध्याकाळी पाहावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, टाच मागून निसटू नये आणि बूट घातल्याक्षणी सुखकर वाटावा. ‘वापरून वापरून सैल होईल’ या आश्वासनावर बूट घेऊ नयेत. तळपायाच्या कमानीच्या आकारानुसार बूट निवडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु अमेरिकी सैन्यदलांत नव्याने भरती झालेल्यांवर केलेल्या अभ्यासांत, तशी निवड करून दिल्याने दुखापती फारशा कमी झाल्या नाहीत. या निकषांवर बाईंनी आपला जुना जोड तपासला. तो चांगला निघाला.

पुढची अडचण खरीखुरी धावण्याची होती. पहिल्या प्रयत्नात अर्ध्या मिनिटातच त्यांना धाप लागली आणि आपले शरीर या कामाचे नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. अनेकजण येथेच सोडून देतात. वास्तविक धावायला लागल्यावर स्नायूंची प्राणवायूची गरज तत्काळ वाढते, पण हृदय आणि फुप्फुसे ती गरज पुरी करण्याच्या पातळीला यायला दोन-तीन मिनिटे घेतात. त्यामुळे सुरुवातीचा भाग सरावलेल्यांनाही जड जातो. त्यातच नवखा माणूस धावणे म्हणजे जोरात पळणे असे समजतो, कारण धावण्याची त्याची शेवटची आठवण शाळेतल्या शर्यतीची असते. यावर उपाय म्हणजे अख्खे वाक्य न अडखळता बोलता येईल इतका वेग, मग तो भरभर चालणाऱ्यापेक्षाही कमी का असेना. पाच मिनिटे चालून अंग मोकळे करायचे, मग एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे आणि हा क्रम काही वेळा करायचा, असे आम्ही ठरवले. मधे चालणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. तेव्हा अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकापासून हीच पद्धत शिकवली आणि तिच्या आधारे असंख्य लोकांनी मॅरेथॉन पूर्ण केली, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले.

महिनाभर ठीक चालल्यावर कामाच्या ओझ्यात एक आठवडा पूर्ण बुडाला आणि त्या “सगळे मुसळ केरात गेले” असे म्हणतच आल्या. सवयींवर संशोधन करणाऱ्या फिलिपा लॅली यांच्या लंडनमधील अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, तेही माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत लक्षणीय खंड पडला नाही. आठवडा बुडणे हे एका दिवसापेक्षा अधिक असले तरी त्यावर इलाज साधा आहे: वेळापत्रकात एक आठवडा मागे जाऊन तेथून पुढे चालू लागायचे. बुडालेले भरून काढण्यासाठी रोज धावणे मात्र कटाक्षाने टाळायचे.

हा मुद्दा मी सर्वांना आवर्जून सांगतो, कारण दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायुबंध भार पेलण्याइतके बळकट व्हायला कितीतरी अधिक काळ घेतात. श्वास साथ देऊ लागला की उत्साहाच्या भरात अंतर दुप्पट होते आणि नडगी दुखू लागते. दोन धावण्यांमध्ये किमान एक दिवस विश्रांती असावी. दोन्ही पायांत सारखा जाणवणारा आणि एक-दोन दिवसांत ओसरणारा ठणका बहुधा नव्या श्रमाचा असतो. एकाच बिंदूवर बोट ठेवून दाखवता येणारी, धावताना वाढत जाणारी किंवा चाल बदलायला लावणारी वेदना असेल तर धावणे थांबवून तज्ज्ञाला दाखवावे. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे यात तर तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. बाईंनी नडगीबद्दल मला विचारले तेव्हा मी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तेथून त्या पोटरीचे व्यायाम आणि दोन आठवडे फक्त चालण्याची सूचना घेऊन आल्या आणि त्यांनी ती पाळली.