नवीन ग्राफिक्स कार्ड घातलं तरी डेस्कटॉपवर गेम २०-२५ एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वर जाईना, काय बघू? (निपाणी)

पहिलं म्हणजे मॉनिटरची केबल कुठं लावलासा ते बघा, मदरबोर्डच्या पोर्टात असली तर काढून खाली कार्डाच्या पोर्टात घाला. मी बेळगावात टिळकवाडीत पीसी जोडतो, चिकोडी-खानापूरकडनं अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मशीनीत हेच जास्त सापडतं, कारण जुनी केबल सवयीनं जुन्याच जागी जाते आणि मग बहुतेक वेळा गेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालतो, एवढे पैसे घातलेलं कार्ड नुसतं बसून राहतं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये दोन्ही जीपीयू (ग्राफिक्स चिप, प्रोसेसरमधली आणि कार्डावरची) बघा, नवीन कार्ड २-४ टक्क्यांवरच पडून असलं तर हेच कारण.

फक्त एक, प्रोसेसर इंटेलचा १२४००एफ सारखा शेवटी एफवाला असेल तर मदरबोर्डच्या पोर्टातनं चित्रच येत नाही, म्हणजे तुम्हाला स्क्रीन दिसतीय तर केबल बरोबर जागी आहे. मग रॅम बघा, एकच स्टिक असेल तर तसलीच दुसरी घ्या आणि चार स्लॉट असले तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडनं मोजून २ आणि ४ मध्ये लावा. आणि गेम सुरुवातीला चांगला चालून १०-१५ मिनिटांनी अडखळत असेल तर ते बहुतेक तापण्याचं आहे, प्रोसेसर ९५-१०० डिग्रीला गेला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, त्याला कूलरमधली धूळ ब्लोअरनं काढा (फॅन बोटानं धरून, फिरू देऊ नका) आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली) वाळलेली असली तर नवीन लावा.