‘ताई, बाळाला संशोधनात घालू का?’

मूळची सांगलीची, आता ऑस्ट्रेलियात पर्थला राहणारी एक आई व्हिडिओ कॉलवर मला, तिच्या स्तनपान सल्लागाराला, विचारत होती. मुलगा दोन महिन्यांचा. बाळ दूध ओढताना त्याच्या तोंडात किती दाब तयार होतो, हे मोजणाऱ्या एका अभ्यासाचं पत्रक तिच्या हाती आलं होतं. ज्यांचं पाजणं सुरळीत चाललंय अशा आया त्यांना हव्या होत्या. बाळंतपणासाठी गेलेली तिची आई शेजारीच होती. “एवढ्याशा जिवावर कसले प्रयोग?” काकूंनी थेट विचारलं.

हा प्रश्न रास्तच आहे, म्हणून आधी काकूंशीच बोलले. यात औषध नाही, सुई नाही. पाण्याने भरलेली बारीक, मऊ नळी स्तनावर चिकटपट्टीने लावतात. तिचं टोक स्तनाग्राच्या टोकापाशी येतं, दुसरं टोक दाब मोजणाऱ्या यंत्राला. बाळ एरवीसारखंच पितं. कधीकधी हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब धरून जिभेची हालचालही बघतात.

पर्थमध्ये हे काम जुनं आहे. बाळ हिरड्यांनी आणि जिभेने दाबून दूध काढतं, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. तिथल्या डॉना गेडिस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २० बाळांची मोजमापं प्रसिद्ध केली. जीभ खाली जाते, तोंडात निर्वात खेच वाढते आणि नेमकं तेव्हाच दूध येतं, असं त्यात दिसलं. खेच सर्वांत जास्त असताना सरासरी १४५ मिलिमीटर पारा. रक्तदाब मोजतो तेच एकक. जीभ वर असतानाही साधारण ६४ शिल्लक राहते, त्यामुळे बाळाची स्तनावरची पकड सुटत नाही. अशा माहितीमुळेच दुखणारं पाजणं किंवा खाली बांधलेली जीभ (टंग-टाय) याबद्दल आम्हाला अंदाजापलीकडे काही सांगता येतं. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे.

मग मी लेकीला विचारलं, “तुला स्वतःला का जावंसं वाटतंय?”

ती जरा घुटमळली. “याची ओढ कमी आहे का, ते तरी कळेल ना.”

खरी काळजी ही होती. बाळ दर तासाला मागतंय, म्हणजे दूध पुरत नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मी शूचे डायपर विचारले: दिवसाला सहाच्या वर. वजनाची नोंद कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. रेषा छान चढती होती. समोर पाजायला सांगितलं, तर गिळण्याचा आवाज मला इथपर्यंत येत होता. दूध पुरत होतं.

“अभ्यास म्हणजे तपासणी नव्हे,” मी म्हटलं. “तिथे पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन करतील. फरक ४० ग्रॅमच निघाला तर रडत बसशील.” एकाच बाळाच्या दोन पाजण्यांमध्येही खूप फरक असतो. पर्थच्याच २००६ च्या अभ्यासात एका वेळचं दूध शून्यापासून २४० ग्रॅमपर्यंत होतं, सरासरी पाऊणशेच्या आसपास. एका आकड्यावरून दूध कमी ठरत नाही.

शंका मिटल्यावरही तिला जायचं होतं, आता इतर आयांसाठी. ती गेली. नळी लावल्यावर बाळाने तोंड फिरवलं, तिने थांबायला सांगितलं, त्यांनी लगेच नळी काढली. थोड्या वेळाने तिनेच पुन्हा लावू दिली आणि तो प्यायला.

इथे महाराष्ट्रात कुणी असं विचारलं तर संमतीपत्र मराठीत मागा आणि त्याची प्रत घरी आणा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, बाळाची माहिती कुणाकडे राहणार, मध्येच थांबलं तर उपचारांवर परिणाम होईल का, हे सही करण्याआधी विचारा. आणि पाजताना दुखत असेल, वजन वाढत नसेल, तर अभ्यासाची वाट न बघता आधी पकड तपासून घ्या.