वाचक विचारतात : साप की साखळी?

प्रश्न : बेल्जियममधल्या लिएजच्या कॅथेड्रलातल्या संगमरवरी ल्युसिफरचे, म्हणजे सैतानाचे, दोन फोटो पाहिले. एकात पायाशी साप आहे, दुसऱ्यात पायाला साखळी. खरा कुठला? (वाचक, मडगाव)

उत्तर : दोन्ही खरे, कारण मूर्तीच दोन आहेत. अँटवर्पच्या गीफ्स बंधूंनी त्या घडवल्या. सापाची मूर्ती धाकट्या जोसेफची, १८४२ची. ती लिएजच्या याच सेंट पॉल कॅथेड्रलातल्या पुल्पितासाठी, म्हणजे प्रवचनाच्या उंच मंचासाठी होती, पण सैतान इतका देखणा निघाला की ती तिथून हलवावी लागली. आता ती ब्रसेल्सच्या कलासंग्रहालयात आहे. मग काम थोरल्या गियोमकडे (१८०५–१८८३) गेलं. त्याची मूर्ती १८४८ची. लिएजमध्ये आहे ती हीच.

गियोमनं साप काढला, केसांत दोन शिंगं दिली, पाय साखळीत अडकवला, पायाशी चावा घेतलेलं सफरचंद ठेवलं. वटवाघळाचे पंख मात्र दोघांच्याही मूर्तींना आहेत. फोटो मोठा करून डाव्या डोळ्याखाली बघा, एक अश्रू ओघळलेला दिसेल. जोसेफचा सैतान नुसता विचारात बसलाय, गियोमच्या सैतानाला मात्र आपण काय गमावलं ते कळलंय. म्हणून आम्हांला दुसरी मूर्ती सरस वाटते. आणि शिंगं देऊनही तिचं देखणेपण काही गेलेलं नाही!

जाणार असाल तर पुल्पिताच्या मागे जा. दोन जिन्यांमधल्या कोनाड्यात ती बसवलीय, समोरूनच परतलात तर हुकेल. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या पुल्पिताच्या तळाशी भार पेलणाऱ्या आकृत्या आहेत. लिएजला तळाशी धर्मापुढे हरलेला सैतान आहे.

प्रश्न : अंगणातल्या संगमरवरी मूर्तीवर पावसात हिरवा-काळा थर धरतो. लिंबानं घासू का? (वाचक, फोंडा)

उत्तर : मुळीच नको. चिंच, सोलं, व्हिनेगरही नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की वरचा थर विरघळतो, चकाकी जाते ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. बादलीभर पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश, आणि धुवायला खालून सुरुवात. वरून केली तर कोरड्या दगडावर ओघळांचे डाग बसतात. नंतर साध्या पाण्यानं धुऊन टिपा. चिऱ्याच्या चौथऱ्यातून ओल चढते, म्हणून मूर्तीखाली जाड प्लास्टिक घाला. तांबूस डाग असेल तर आतली लोखंडी सळई गंजतेय. ती फुगून दगड तडकवते. हाताला साखरेसारखे दाणे लागले तर ब्रशही थांबवा आणि दगडाचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.