साहेबांचे एक वाक्य आणि उडालेली झोप

सप्रेम नमस्कार,

तिमाही अहवालात तुमच्याकडून एक आकडा चुकीचा गेला, साहेबांनी भर बैठकीत ‘तुमच्यावर विसंबून राहता येत नाही’ असे सुनावले आणि ते काम सहकाऱ्याकडे सोपवले. तेव्हापासून साधा ई-मेल पाठवतानाही तुमचा हात थबकतो, झोप उडाली आहे, आणि पूर्वी असाच प्रसंग ओढवूनही लगेच सावरलेल्या त्या सहकाऱ्याकडे पाहून ‘खंबीरपणा जन्मजातच असतो का? मी राजीनामा द्यावा का?’ असे तुम्ही विचारले आहे.

साहेबांच्या वाक्यापेक्षा मला तुमचेच एक वाक्य अधिक खटकले: ‘माझे नेहमी असेच होते, मला काहीच नीट जमत नाही.’ अपयशानंतर माणूस किती खचतो, हे तो त्या अपयशाची कारणे स्वतःला कशी सांगतो यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी केली. हे कायमचेच आहे, सगळ्याच कामांत आहे आणि दोष सर्वस्वी माझाच आहे, असे माणसाने एकदा ठरवून टाकले की त्याची उमेद संपते. तुमच्या एका वाक्यात हे तिन्ही आले आहे. प्रत्यक्षात, तुम्हीच पुढे लिहिल्याप्रमाणे, सुधारित आकडे आदल्या रात्री उशिरा आले आणि घाईत जुन्या फाइलमधली एक ओळ तशीच राहिली. ताळा न करणे ही तुमची चूक होती. आकडे उशिरा येणे ही नव्हती. चुकीतला आपला वाटा नेमका तेवढाच उचलता येणे, हा गुण मी सर्वांत वर ठेवते, आणि तो सवयीने अंगी येतो.

मानसशास्त्रज्ञ सुझान कोबासा यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारखाच ताण सोसूनही फारसे आजारी न पडलेल्या अधिकाऱ्यांमध्ये तीन गोष्टी ठळकपणे आढळल्या: कामात मनापासूनची गुंतवणूक, परिस्थितीवर आपला काहीतरी प्रभाव पडतो ही धारणा आणि बदलाकडे आव्हान म्हणून पाहण्याची वृत्ती. पहिली तुमच्याकडे आहे, नाहीतर झोप उडाली नसती! अडते आहे ते दुसऱ्या गोष्टीपाशी, आपला काहीतरी प्रभाव पडतो या धारणेपाशी. म्हणून साहेबांकडे दहा मिनिटे मागा आणि सांगा, ‘चूक माझ्याकडून झाली. यापुढे अंतिम प्रत पाठवण्यापूर्वी मी मूळ नोंदींशी ताळा करीन. आकडे एक दिवस आधी मिळाले, तर दुसऱ्या कोणाकडून तपासूनही घेता येतील.’ दिलगिरी एकदाच पुरे. बारीक तपासणी आकड्यांच्या कागदांपुरती ठेवा. बाकीचे ई-मेल एकदा वाचून पाठवून द्या.

सहकाऱ्याचे म्हणाल, तर तुम्ही त्याला फक्त कार्यालयात पाहिले आहे. तेव्हा कसे सावरलात, असे त्यालाच विचारा. मदत मागायला संकोच न वाटणे हेही खंबीर माणसाचेच लक्षण आहे.

मात्र चारचौघांत पाणउतारा करणे ही साहेबांची वागणूक चुकीचीच होती, आणि ती मुकाट्याने सोसणे याला मी खंबीरपणा म्हणणार नाही. तसे पुन्हा घडले, तर तारीख आणि शब्द टिपून ठेवा व मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार करा. झोपेची तक्रार आणखी काही आठवडे राहिली, तर डॉक्टरांना भेटा. राजीनाम्याचा निर्णय पुढचा तिमाही अहवाल होईपर्यंत लांबणीवर टाका. तुम्ही कामाची पद्धत सुधारूनही साहेबांचे वागणे तसेच राहिले, तर दुसरी नोकरी अवश्य शोधा, आणि त्याला पळ काढणे समजू नका.